समासात

खाली पिठाची गिरणी, वर आमचं ग्रंथालय.
ऐरोली, सेक्टर तीन. पुस्तक झटकलं
की ज्वारी उडते.
दर मार्चला मोजदाद, आणि मोजदादीआधी
समासातलं सगळं खोडायचं असा ठराव आहे.
म्हणजे मी आणि एक खोडरबर.

यंदा हाताशी ती कादंबरी आली,
दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज बाईची.
अनुवाद जुना, लाल कापडी बांधणी,
शेवटची दोन पानं उलटी शिवलेली.
नायिका म्हणावी तर जुडिथ. चाळिशीची.
साखरेच्या डब्याला कुलूप घालणारी,
मेणबत्त्यांची टोकं मोजून झोपणारी.
बाप गेल्यावर भाऊ दारात येतो,
वादळात वगैरे नाही, साध्या उन्हात,
आणि ती त्याला वाटा देत नाही.
नाही म्हणजे नाही. चारशे पानं नाही.
ना मरताना पश्चात्ताप, ना कुठे एखादं
आजारी मांजर, ज्याला तिनं दूध पाजावं
आणि आपण म्हणावं, बघा, आतून चांगली आहे.

वाचकांना हे सोसलेलं नाही.
पान चाळीस: ‘नीच.’ खाली दोन रेघा,
पेन्सिलीचं टोक कागदात रुतलेलं.
हे टिल्लूसाहेब, रसायनाच्या कारखान्यातून निवृत्त,
त्यांचा ‘नी’ मी कुठेही ओळखीन.
पान एकसष्ट: ‘हिला महिनाभर माझ्या सासूकडे ठेवा.’
पान नव्वद: ‘लेखिकेला माणसंच आवडत नसावीत.’
त्याखाली दुसरा हात: ‘सहमत.’
त्याखाली तिसरा: ‘मग वाचता कशाला?’
एकशे बाराला, भाऊ पत्र लिहितो तिथे,
एक वाळलेला थेंब. चहा असावा.

मी खोडत जाते. चुरा आणि पीठ
टेबलावर एक होतात.

पान दोनशे सात. भाऊ म्हणतो, सही कर,
बहिणीनं भावासाठी एवढंही करू नये?
समासात अगदी बारीक, निळ्या शाईत:
‘हिला आधी कुणी विचारलं होतं?’

शाई. इथे रबर नुसता डाग पाडील.

रजिस्टर बघायची गरज नव्हती, तरी पाहिलं.
हेमलता मढवी, दिवागाव.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला तेव्हा
तिघा भावांनी हक्कसोडाचा कागद पुढे केला,
पेढ्यांच्या पुड्यासकट.
तिनं पेढा घेतला आणि कागद परत दिला.
तेव्हापासून घरातल्या हळदींना तिला बोलावणं नाही.
गावात तिला जे म्हणतात
ते पान चाळीसवर लिहिलेलं होतं.
मीही म्हटलंय. भाजी निवडताना,
कुणाच्या तरी होला हो.

पुस्तक परत करताना तिनं दहाची नोट ठेवली होती.
‘लिहिलंय मी त्यात. दंड घ्या.’
मी विचारलं, आवडली का?
‘कोण, जुडिथ? छे.
दारात आली तर चहासुद्धा विचारणार नाही मी तिला.’
जिना अर्धा उतरली, थांबली,
गिरणीच्या आवाजावरून ओरडून म्हणाली,
‘पण सही करू नको, एवढं सांगेन!’

दहाची नोट मी जमा केली. पावती फाडली.
दोनशे सात तसंच ठेवलं.

संध्याकाळी टिल्लूसाहेब आले.
ही कादंबरी त्यांनी तीनदा नेली आहे,
कार्डावर तारखा आहेत.
‘खोडलंत सगळं?’
बहुतेक, म्हटलं.
‘काय बाई हो! डोक्यातून जात नाही.
या लेखिकेचं आणखी आहे का काही?’
आहे एक. त्यातली हिच्याहून वाईट आहे.
‘द्या,’ ते म्हणाले,
आणि खिशातली पेन्सिल चाचपली.